एक-बारा आणि अकरा-दोन

सरांनी मला कधी 'तू' म्हटलं नाही. माझं वय वीस, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा गटांगळी खाल्लेली, घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. पण सर म्हणायचे 'तुमी'. आणि नुसतं तुमी नाही. आधी माझं नाव, मग वडलांचं, मग आडनाव, आणि मग तुमी. दार लावून घ्या एवढंच सांगायचं असलं तरी तीन शब्दांची हाक. असं पूर्ण नाव एक तर शाळेच्या दाखल्यावर येतं नाहीतर पोलीस ठाण्यात, त्यामुळं सुरुवातीला मी हाकेसरशी उभाच राहायचो. एका पोरानं आपलं नाव नुसतं 'बाळू' सांगितलं, तर सरांनी त्याला घरी पाठवलं. "दाखल्यावर काय हाय ते बघून या." तो दोन दिवसांनी भलंमोठं नाव घेऊन आला, आणि क्लास संपेपर्यंत ती हाक आपल्याला आहे हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

बीडच्या जुन्या मोंढ्यात मिरचीच्या एका अडत्याच्या माडीवर सरांचा क्लास होता. आधी तिथं टायपिंग चालायचं. मग देशात वारं फिरलं आणि जिकडंतिकडं कॉम्प्युटर झाला. रसवंतीवाल्यानं पाटीवर कॉम्प्युटर काढला, जोशीबुवा कॉम्प्युटरची पत्रिका देऊ लागले, आणि घाटनांदूरच्या माझ्या मामानं पिठाच्या गिरणीला 'कॉम्प्युटर फ्लोअर मिल' नाव देऊन टाकलं. गिरणीत बटण म्हणून दिव्याचं तेवढं होतं. सरांनीही आठ टाईपरायटर विकले आणि तीन कॉम्प्युटर आणले. खाली मिरचीची पोती हलली की वर आम्ही वीस जण एकदम शिंकायचो. सरांचा दंडक होता की शिंक आली तर मान डावीकडं वळवायची, कारण उजवीकडं दुसरं मशीन आहे. मी आजही कुणाच्या घरी शिंकताना डावीकडं बघतो, आणि डावीकडं बसलेली माणसं माझ्यावर नाराज आहेत.

वीज जायची ती चार-चार तास. इतर क्लासवाले पोरांना घरी सोडायचे. आमचे सर खुर्ची भिंतीला लावून बसायचे आणि जाहीर करायचे, "आता मी मशीन." मग आम्ही कागदावर प्रोग्राम लिहून त्यांच्यापुढं धरायचा, आणि सर त्यातली एकेक ओळ करत जायचे. ऊठ म्हटलं तर उठायचे, पाच वेळा खिडकीपर्यंत जा म्हटलं तर पाच वेळा जायचे. चूक सापडली की जागच्या जागी थांबून डोळे लाकडासारखे करायचे आणि इंग्रजीत "एरर ऑन लाईन थ्री" म्हणायचे. पुढं हूं की चूं नाही. एकदा मी असा प्रोग्राम लिहिला की तो थांबतच नव्हता. सर माडीभर फेऱ्या घालत राहिले. पाऊण तासानं त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं नाकावर आली तेव्हा मीच रडकुंडीला येऊन म्हणालो, "सर, थांबा की." तर चालता चालता म्हणाले, "मशीनला बोलून कळत न्हाई. प्रोग्रामात लिवा."

जावास्क्रिप्ट नावाची भाषा सर एका पुस्तकावरून शिकवायचे. ते त्यांनी औरंगाबादला जुन्या बाजारात घेतलं होतं, आणि त्याची शेवटची साठ-सत्तर पानं गायब होती. कुणी अवघड काही विचारलं की सर जराही न लाजता सांगायचे, "पुस्तकात न्हाई, म्हणून मला ठाऊक न्हाई." असा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. मला मात्र काहीच ठाऊक नसताना सगळंच ठाऊक होतं. मोंढ्यातल्याच एका प्रेसमध्ये मी शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती, 'सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीड'. पहिलं कार्ड आईला दिलं. तिनं ते गॅसच्या शेगडीची भोकं साफ करायला वापरलं.

एके दिवशी सर घरून पिशवीत चार डबे घेऊन आले. वीज गेलेलीच होती. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली. एकावर 'गूळ', एकावर 'शेंगदाणे', एकावर 'हरभरा-डाळ' अशी मध्ये आडवी रेघ देऊन, आणि एकावर '२ नंबर चहा'. सर मशीन झाले. "मागा."

मी म्हणालो, "डबे डॉट गूळ." सरांनी गूळ दिला. शेंगदाणेही मिळाले. मग मी म्हणालो, "डबे डॉट हरभरा-डाळ." सरांनी डब्यांवरून बोट फिरवलं आणि लाकडी आवाजात बोलू लागले, "हरभरा. असा डबा न्हाई. रेघ म्हंजे वजाबाकी. नसलेल्या हरभऱ्यातून डाळ वजा करायची. डाळ कोन? वळख न्हाई. एरर." चहाच्या डब्याला तर त्यांनी हातच लावला नाही, आकड्यानं सुरू होणारं नाव मशीनला डॉट देऊन घेता येत नाही म्हणे.

मग सर माणूस झाले आणि त्यांनी समजावलं. डॉट म्हणजे तोंडानं हाक मारणं. साधं नाव असलं तर हाकेला ओ मिळते. नावात रेघ असेल, मोकळी जागा असेल, सुरुवातीला आकडा असेल तर मशीन गोंधळतं. तिथं चौकोनी कंस टाकायचा, आत अवतरण चिन्हं, आणि त्यात नाव जसंच्या तसं लिहायचं. म्हणजे हाक न मारता चिठ्ठी पाठवायची. "चिठ्ठीचा अर्थ मी लावीत न्हाई," सर म्हणाले, "अक्षराला अक्षर जुळवतो आन् डबा देतो."

मी हात वर केला. "सर, एवढी यातायात कशाला? डब्याचं नावच बदला की. रेघ काढून टाका."

सरांनी माझं पूर्ण नाव घेतलं. मग म्हणाले, "डबा तुमचा हाय का? ज्याचा हाय त्यानं नाव ठिवलं. मशीनला झेपत न्हाई म्हणून माणसानं नाव कावून बदलायचं?"

आम्ही सगळे हसलो, गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि घरी गेलो. डाळीचा डबा सरांनी परत नेला.

त्याच वर्षी आमच्या समाजानं बीडला वधू-वर परिचय मेळावा ठरवला. आमच्यात बहुतेक दुकानदार, थोडे बागायतदार. अध्यक्ष कापडवाले होते, आणि त्यांना मेळावा 'कॉम्प्युटरवर' करायचा होता. म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. काम सरांकडं आलं. पद्धत अशी होती की स्टेजवरून मुलीचं नाव-गाव सांगायचं नाही. उगाच चारचौघांत नाव फिरायला नको. फक्त नंबर. आधी तालुक्याचा आकडा, मग रेघ, मग त्या तालुक्यातला अनुक्रम. बीड एक नंबरला. नुकतेच नवे तालुके झाले होते, ते धरून अकरा. मुलगी स्टेजवर येऊन उभी राहणार, मी मशीनवर नंबर टाकणार, पडद्यावर माहिती उमटणार, आणि अध्यक्ष ती माइकवर वाचणार. ज्याला पसंत पडेल त्यानं नंबराची चिठ्ठी द्यायची, मग नाव-पत्ता मिळणार.

"माणूस समोर हुबं, आन् नाव न्हाई?" सरांना हे मुळीच पटलं नव्हतं. पण समाजाचं काम म्हणून गप्प बसले. आलेला प्रत्येक फॉर्म त्यांनी आधी स्वतःच्या हातानं एका जाड वहीत उतरवला. प्रोग्राम लिहायला मला सांगितलं, कारण मी कार्डं छापली होती.

फॉर्म पोस्टानं येत होते. एक मात्र हातानं आला. अकराव्या तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई आपल्या वडलांना आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन माडी चढून आली. वय सव्वीस. लग्नाआधी ती सरांकडंच टायपिंग शिकली होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिनं सरांना नमस्कार केला आणि कोपऱ्यात राहिलेल्या एकुलत्या टाईपरायटरवर स्वतःच फॉर्म बडवायला बसली. 'घटस्फोटित' हा शब्द आला तेव्हा वडील खाली वाकून म्हणाले, "आगं, ते जरा मोघम लिही की."

"न्हाई आण्णा. मागल्या बारीला सासरच्यांनी लपवलं, म्हणून मी परत आले. आता समदं आधी." मग ती सरांकडं वळली. "सर, एक करा. मी स्टेजवर हुबी ऱ्हायल्यावरच हे वाचायचं. आधी न्हाई, मागून न्हाई. लोकांनी माझ्याकडं बघत बघत ऐकावं."

वडलांनी जाताना मला जिन्यात गाठून सांगितलं, त्यांना बहुधा मीच कुणी मोठा साहेब वाटलो. हा एकच मेळावा. इथं जमलं नाही तर लातूरचं एक स्थळ होतं, पन्नाशीचे गृहस्थ, बायको वारलेली, आणि त्यांची अट होती की मुलगी आजोळी ठेवून यायचं. "लेकरू तोडायचं म्हंजे... तुमी बघा साहेब काहीतरी," ते म्हणाले. मी त्यांना माझं कार्ड दिलं. काय अक्कल!

तिचा नंबर आला अकरा-दोन.

आता माझं कर्तृत्व ऐका. दोनशेच्या वर माणसं. प्रत्येक नंबराला अवतरण चिन्हं द्यायची, म्हणजे दर वेळी शिफ्ट दाबा, चिन्ह दाबा, पुन्हा तेच. पंधरा नंबर झाल्यावर माझी करंगळी दुखली. मी विचार केला, आपण इंजिनिअर, आपण हमाली का करायची? मी सगळ्या रेघा उडवल्या. सुरुवातीला आकडा चालत नाही म्हणून पुढं एक 'एन' लावला, आणि डॉटचं काम झालं झटपट. नंबर टाकला की त्यातली रेघही प्रोग्रामच काढून टाकणार, असा चोख बंदोबस्त केला. पहिले दहा नंबर तपासले, बरोबर आले. अकरावा तपासायला घेतला तेवढ्यात चहा आला.

सरांनी विचारलं, "कंस टाकले?"

"टाकले, सर."

"समदे तपासले?"

"समदे."

एक-बारा यातली रेघ काढा, काय उरतं? एकशे बारा. अकरा-दोन यातली काढा. एकशे बारा. हे तिसरीतलं पोरगं सांगेल. इंजिनिअरला सुचलं नाही. आणि एकाच नावाचे दोन डबे आले तर मशीन तक्रार करत नाही. आधीचा गुपचूप टाकून देतं आणि नंतरचा ठेवून घेतं.

मेळाव्याच्या दिवशी कॉम्प्युटर दोन गाद्यांत गुंडाळून हातगाडीवरून मंगल कार्यालयात आणला. चारशे-पाचशे माणूस. मी नवा शर्ट घातला होता आणि खिशात कार्डं. पहिली दहा नावं, म्हणजे नंबर, सुरळीत गेले. एक-अकरा त्या दिवशी आलीच नव्हती. अध्यक्षांनी दोनदा माझ्याकडं बघून मान डोलावली, छाती अशी फुगली की वरचं बटण तुटायचं बाकी राहिलं. मग एक-बारा आली. पालीच्या बागायतदारांची मुलगी, एकवीस वर्षांची, मान खाली घालून उभी. मी नंबर टाकला. अध्यक्षांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"वय सव्वीस. शिक्षण बारावी, टायपिंग. घटस्फोटित. एक मुलगी, वय तीन. अपेक्षा, मुलीसह स्वीकार."

कार्यालय एकदम उसळलं. पालीची पोर स्टेजवरच रडायला लागली. तिचे वडील खुर्च्या ढकलत पुढं आले. "कुनाची पोरगी? कुनाचा घटस्फोट? हा कलंक लावायला बोलावलं का आमाला?"

मी काय केलं? मी टेबलाखाली गेलो. वायर बघतोय असं दाखवत. प्लग ठीक होता, मी तो काढला आणि परत लावला, काढला आणि परत लावला. वरती सरांचा आवाज आला. ते वही घेऊन स्टेजवर चढले होते.

"चूक माझी हाय," सर माइकवर म्हणाले. "मशीनची न्हाई, दुसऱ्या कुनाची न्हाई. माझी." आणि त्यांनी वहीतून एक-बाराची खरी माहिती वाचली, आणि त्या मुलीपुढं हात जोडले.

मी टेबलाखालीच. आता बाहेर कसं यायचं हेही सुचेना. लोक पालीच्या बापाची समजूत घालू लागले, आणि तीही माइकवरून. "पोरीवर एवढा मोठा डाग लावला!" "अहो, कुणाही सभ्य घराला अशी गोष्ट ऐकवेल का?" "देवानं वाचवलं, ती आपली नव्हं." प्रत्येक जण आपापल्या परीनं सांत्वन करत होता, आणि प्रत्येक वाक्य कुणाच्या अंगावर जाऊन पडत होतं हे त्या कार्यालयात चौघांनाच ठाऊक होतं. एक सर, एक मी. तिसरे पुरुषांच्या ओळीत तिचे वडील. चौथी बायकांच्या ओळीत मांडीवर मुलगी घेऊन बसलेली.

अध्यक्ष म्हणाले, कॉम्प्युटर बंद, आता वहीतून वाचा. तसं वाचन पुढं सुरू झालं. मी मात्र खालीच राहिलो. वायरी गुंडाळायचं नवं काम मी स्वतःला लावून घेतलं होतं. तास-सव्वा तासानं शेवटचे नंबर आले. अध्यक्ष सरांच्या कानाशी कुजबुजले, "अकरा-दोन सोडून द्या, उगं कशाला." पण तोवर ती पायऱ्या चढली होती. मला टेबलाखालून तिच्या चपला दिसल्या, आणि शेजारी दोन इवलेसे सँडल.

ती म्हणाली, "मगाशी वाचली ती माहिती माझी हाय. चुकून त्या ताईच्या नावावर गेली. तुमी समद्यांनी ऐकलीच हाय, आता पुन्यांदा वाचायची गरज न्हाई. ही माझी पोरगी." आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं, वडलांचं आणि आडनावासकट. नाव सांगायची पद्धत नव्हती. कुणी टाळी वाजवली नाही. सँडल आधी उतरले, मग चपला.

तिच्या नंबराची एकही चिठ्ठी आली नाही.

पुढच्या आठवड्यात सरांच्या क्लासमधली दुकानदारांची अकरा पोरं गेली. सर मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीनपुढं बसून माझा प्रोग्राम ओळीओळीनं वाचत होते. मी दारातूनच पाहिलं आणि खाली जाऊन मिरचीच्या पोत्यांत अर्धा तास काढला. परत आलो तेव्हा सरांनी नेहमीसारखी तीन शब्दांची हाक मारली आणि म्हणाले, "रविवारी मी त्या पोरीकडं माफी मागायला चाललो. येता का?"

'येता का' असं विचारलं होतं. नाही म्हणायची मुभा होती. गेलो, कारण नाही म्हणायलाही धाडस लागतं.

एस.टी.नं तीन तास. तिच्या घरी ओसरीवर पोत्यावर बसलो. वडील आनंदात दिसत होते, मला कळेना. म्हणाले, "लातूरवाल्याला न्हाई म्हणून कळिवलं. ही म्हंती, पोरगी घिऊन एवढ्या लोकांपुढं हुबी ऱ्हायले, आता कुनाला भ्यायाचं? मी म्हनलं, बरं. मला बी जड झालतंच की ते." मुलगी सरांच्या छत्रीशी खेळत होती. चहा आला.

सरांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. "बाई, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली—"

"सर," तिनं मध्येच थांबवलं. "एक स्वल्पविराम चुकला तर तुमी माझ्याकडून आख्खं पान परत टाईप करून घ्यायचे. तुमच्या हातून दोन माणसांची अदलाबदल व्हईल व्हय?"

आणि ती माझ्याकडं बघू लागली. सर बशीत बघत होते. वडील एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं, पुन्हा कुठंतरी खाली शिरावं, पण ओसरीवर टेबल नव्हतं.

"मी केलं," मी म्हणालो. "कंटाळा केला. सरांनी विचारलं तर खोटं सांगितलं."

ती रागावली नाही. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर जा म्हणेल. तिनं मुलीला जवळ ओढून तिच्या केसातली पिन नीट केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला पोरगी घिऊन स्टेजवर चढावं लागलं. तुमाला तर निस्तं टेबलाखालून निघायचं हुतं."